नेहमीचा साक्षीदार

तोंडी परीक्षा कसली, उलटतपासणीच चालली होती. कोर्टात कारकुनी करत तिने सात वर्षं खपून लिहिलेला फौजदारी न्यायव्यवस्थेवरचा पीएचडीचा प्रबंध परीक्षकांनी टेबलावर आपटला. “सतरा खटल्यांत एकच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार? बाई, फायलींवरची धूळ झटकून कुणी डॉक्टर होत नाही. हा माणूस तुम्ही कागदावरच उभा केलाय.” परीक्षक म्हणजे निवृत्त पोलीस अधिकारी, आणि सतराही तपास खुद्द त्यांचेच. चोराच्या उलट्या बोंबा! तिने दातओठ खाल्ले. “बाहेर बसलाय तो. बोलावू?” मार्गदर्शकांनी डोळ्यांनीच दटावलं, पण ती दार उघडून मोकळी झाली. पाठीत वाकलेला म्हातारा आत आला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीतल्या अधिकाऱ्यांना बघताच तो सवयीने ताठ उभा राहिला. त्याने खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि अदबीने विचारलं, “साहेब, आज कुठे सही करू?”