डब्यावरचे डोळे
ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटच्या ऑफिसातली ग्लेनिस दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेली. दुपारी सॉसेज रोल आणायला बागेतून निघाली, की घरटं राखणारा मॅगपाय पक्षी नेमका तिच्याच डोक्यावर झेपावायचा. ती किंचाळत बेकरीपर्यंत पळायची. आम्ही खिडकीतून हसायचो. महिन्याभराने मला दया आली. आइस्क्रीमच्या डब्यावर मागच्या बाजूला दोन डोळे रंगवून टोपी करून दिली. कुणी रोखून बघत असलं, की पक्षी फिरकत नाही. सोमवारी ती डबा घालून रमतगमत गेली, रमतगमत आली. मंगळवारी डॉक्टरांकडून आली आणि खुर्चीत धपकन बसली. “काय गं, साखर वाढली?” “कमी झालीय, पाठही दुखत नाही. म्हणाले, कुठली जिम लावलीस?” “मग तोंड का पाडलंयस?” तिने ओल्या फडक्याने डब्यावरचे डोळे घासून पुसले, डबा डोक्यावर चढवला आणि बुटांच्या नाड्या आवळल्या. “पिल्लं उडायला तीनच आठवडे उरलेत.”