चौथ्या मजल्यावरची हरकत

"बाबाजी, घात झाला," सायकल कुंपणाला टेकवायच्या आधीच सदा म्हणाला. "चौथ्या मजल्यावरच्या बाई हरकत घेनार हायत."

बाबाजी ओटीवर बसून सनईची पत्ती भिजवत होते. त्यांनी ती तशीच पाण्यात राहू दिली.

सदा त्यांच्या खालूबाज्यातला, म्हणजे सनई-ढोलाच्या ताफ्यातला ढोलवाला. पण ढोल वाजायचा तो शिमग्यात नाहीतर एखाद्या लग्नात. पोटाला रोज लागतं, म्हणून उरलेलं वर्ष तो 'सागरसाद' सोसायटीच्या गेटवर वॉचमन. बोर्लीकडून समुद्रावर उतरताना पूर्वी तिथे नारळी-पोफळीची वाडी होती आणि वाडीतून पालखीची वाट. शिमग्यात देवी त्या वाटेने किनाऱ्यालगतच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, जाऊन बसायची. पुढे बाबाजींची सनई, मागे ढोल, टिमकी आणि सगळं गाव. आता वाडीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबईची माणसं सुट्टीला येऊन समुद्र बघत बसायची आणि देवीची वाट नेमकी त्यांच्या पार्किंगमधून जात होती.

मागच्या शिमग्याला पालखी डांबरी रस्त्याने, लांबच्या वळणाने न्यावी लागली. मागे गाड्यांचे हॉर्न आणि पुढे सनई! बाबाजींनी वाजवलं, पण देवीला चोरासारखं मागच्या दाराने नेल्यागत त्यांना वाटलं. ते वर्षभर मनातून गेलं नाही.

यंदा सदाने सेक्रेटरीला गळ घातली. सेक्रेटरी माणूस भला, पण भारी भिडस्त. त्याने सगळ्यांच्या मोबाईलवर कळवून टाकलं: पालखी वाजतगाजत आतून जाईल, कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत सांगावी. आणि सदाला बजावलं, एकानेही हरकत घेतली तर माझा नाइलाज आहे.

"बाई सोता बोलल्या तुला?" बाबाजींनी विचारलं.

"व्हय तर. काल गेटवर थांबल्या. ते सनईवाले कोन म्हनून इचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हनल्या, कितीबी त्रास पडूं दे, ती हरकत मी घेनारच."

"घेनारच म्हनल्या?"

"घेनारच. डोळं असे मोठे करून."

बाबाजींना नवल वाटलं नाही. त्या बाईंना ते ओळखून होते. बाकीची मंडळी शनिवारी येऊन रविवारी पळायची, ही एकटीच शहाणी महिनाभर मुक्काम ठोकून होती. सकाळी बघावं तर तिच्या खिडक्या गच्च बंद, गावचा वारा बाधतो की काय कोण जाणे. संध्याकाळी बाबाजी सहाणेवर सरावाला बसले, की मात्र बाल्कनीत हजर. एक हात कानावर, डोळे मिटलेले, चेहरा वाकडा, आणि मान अशी हलायची, जणू वाजवणाऱ्याचं काही एक पसंत नाही. एकदा बाबाजींनाही चेव चढला. किती कान झाकतेस ते बघू म्हणून त्यांनी मुद्दाम लांबवून लांबवून वाजवलं होतं.

आता त्यांना स्वतःचाच राग आला. आपल्या खोडीपायी देवीची वाट अडली होती.

त्या दिवसापासून त्यांनी सनईला हात लावला नाही. जेवायलाही नीट बसेनात. शेवटी त्यांची बायको, आवडाबाई, वैतागली.

"जावा की बोलायला. वाघीन हाय काय ती?"

"बोलून काय व्हनार?"

"आनि हितं भिंतीकडं बघून काय व्हनार?"



रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून ते निघाले. काय बोलायचं ते वाटेत तीनतीनदा घोकलं. गेटपाशी पोहोचतात तो बाई समोरूनच आल्या. चाळिशीच्या असतील. फाल्गुनाच्या उन्हात गळ्याला मफलर, आणि आवाज कुणाशी तरी कडाकडा भांडून आल्यासारखा बसलेला.

"तुम्हीच बाबाजी ना? मी आश्लेषा. तुमच्याकडेच निघाले होते. सनई बंद का केलीत?"

घोकलेलं सगळं बाबाजींच्या डोक्यातून उडालं. त्यांनी हात जोडले.

"बाई, चूक झाली माझी. तुमाला तरास व्हावा म्हनून मुद्दाम लांबवून वाजवलं मी. पन तेचा राग देवीवर काढू नका. पालखी तेवढी जुन्या वाटेनं जाऊंद्या. सनई खुपत आसंल तर यंदा सनई न्हाय. मी आपला मागं गप चालेन."

सनईविना पालखी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि आज ते त्यांच्याच तोंडून निघालं होतं. गेटवरच्या खुर्चीत सदा मान खाली घालून बसला.

बाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"सनई नाही? असं कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "अहो, महिनाभर पहाटे उठून घोटतेय मी, घोटून घोटून आवाज बसला, तरी वरच्या सुरावरून उतरताना तुम्ही जी हरकत घेता, ती काही केल्या माझ्या गळ्यातून निघत नाही!"