अप्पांच्या सदऱ्याचा वास

अप्पांचा सदरा शिवानीने दोनदा हुंगला. एकदा गळ्यापाशी, एकदा बाहीला. बिडीच. तिसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती, तरी तिने हुंगला.

सदरा हातात घेऊनच ती बाहेर आली. तिचे सासरे ईश्वरप्पा नुसत्या बंडीवर, नातवाला खांद्यावर घेऊन माडीचा जिना चढत होते. चौदा महिन्यांचा शिवांश त्यांचे कान धरून खिदळत होता.

"अप्पा, खाली ठेवा त्याला! वजन उचलायचं नाही म्हणलंय ना?"

अप्पांनी मुकाट्याने बाळाला पायरीवर टेकवलं. "चुकलं, पोरी."

"आणि हे? आज परत?"

सदऱ्याकडे न बघताच ते म्हणाले, "त्येबी चुकलं."

एवढंच. दम लागलेला नाही, की राग नाही. शिवानीला रडूच आलं.

गेल्या साली ती बाळंतपणाला कंधारला, माहेरी होती. बाळ तीन दिवसांचं असताना सासूबाईंचा, दानम्मांचा फोन आला. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आपल्या आडतीच्या दुकानावर बसल्या बसल्या अप्पांना हृदयाचा झटका आला. आता बरे आहेत, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तिचा नवरा रविकिरण बाळ बघायला आला तो थेट सव्वा महिन्याने, आणि तोही असा रोडावून, की आईने हळूच विचारलं, "जावईबापूंना काय झालं गं?" दवाखान्याची धावपळ, दुसरं काय.

दिवाळीत ती सासरी परतली आणि तिने अप्पांना ताब्यातच घेतलं. त्यांची भाजी अळणी, भाकरी कोरडी. रविकिरणच्या ताटात मात्र ती तुपाची धार धरायची, लोणच्याची मोठी फोड वाढायची. एवढ्या धावपळीने वाळलेला माणूस भरून यायला नको? पण अप्पांचा हात चोरटा. तिची पाठ वळली की मुलाच्या ताटातलं लोणचं उचलायचे आणि आपली अळणी भाजी त्याच्याकडे सरकवायचे.

"लहान लेकरापेक्षा वाईट आहात तुम्ही," ती म्हणायची. "आणि अहो, तुम्ही तरी देऊ नका ना त्यांना!"

रविकिरण नुसता हसायचा. त्याला पित्ताचा त्रास, चार घास खाऊन छाती चोळत उठायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, की दुसऱ्याने ओढलेल्या बिडीचा धूरही काळजाला वाईट. आणि मोंढा म्हणजे तर धुराडंच. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शिवानीने वाणाच्या वाट्यांशेजारी एक अर्ज ठेवला. मोंढ्यात बिडी-सिगारेट बंद करा.

"तिळगूळ घ्यायला आले की सही करायला?" शेजारच्या कमलम्मा फणकारल्या, पण सही त्यांनीच पहिली केली. बेचाळीस सह्या झाल्या. बायकोची सही बघून बाजार समितीचे मेंबर काय बोलणार? महाशिवरात्रीपासून बंदी लागली. पाट्या लागल्या, पहारेकरी शिट्टी फुंकत फिरायला लागला.

आणि ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याच सदऱ्याला वास.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला सासूबाईंकडे देऊन ती मोंढ्यात गेली. आडतीवर अप्पाही नव्हते, रविकिरणही नव्हता. समोर नासिरभाईंच्या चहाच्या गाड्यावर वाद चालला होता.

"बंदी लागल्यापासून अँब्युलन्स एकदाच आली इथं," नासिरभाई कपात चहा ओतत म्हणाले. "पहिले दर महिन्याला यायची. फरक पडला का न्हाई?"

"अन् पिणारे कुठं गेले, ते बी इचार की!" आडते चंद्रप्पा तावात होते. "पहिले मोकळ्या हवेत पीत होते. आता शटर ओढून, येकमेकाचा धूर पिऊन राहिले. तुझी अँब्युलन्स आज न्हाई तर उद्या—"

शिवानीला बघून चंद्रप्पांनी कप तोंडाला लावला.

"नासिरभाई, अप्पा कुठायत?"

"असतील की, भाभी. चहा घ्या."

"कुठायत?"

नासिरभाईंनी फडक्याने हात पुसले, मग गाडा पुसला. "जुन्या तेलमिलच्या गोदामात. पर भाभी, तुमी जाऊ नका. मी बोलवून आणतो."

ती निघालीसुद्धा होती. रस्ताभर तिला एकच दिसत होतं. अप्पा छातीवर हात धरून पोत्यावर कलंडलेत, आणि शटर बंद.

गोदामाचं शटर गुडघाभर वर होतं. तिने दोन्ही हात घालून ते वर ढकललं. धुराचा लोट अंगावर आला. आत पंधरा-वीस माणसं. खोकल्याचे, खाकरण्याचे आवाज एकदम थांबले.

कोपऱ्यात अप्पा बसले होते. त्यांचे हात रिकामे होते. नाही, रिकामे नव्हते. त्यांनी शेजारच्या माणसाचं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या माणसाच्या बोटांत बिडी जळत होती.

तो रविकिरण होता.

शिवानीचा स्वतःवर ताबा राहिला नाही. "तुम्ही? लाज नाही वाटत? झटका येऊन गेलेल्या बापाला शेजारी बसवून बिडी ओढताय? आणि मी रोज त्यांना बोलतेय! जीव घ्यायचाय का त्यांचा?"

रविकिरणने मान खाली घातली. कपाळावरचा घाम त्याने बाहीने टिपला.

"अप्पा, तुम्ही उठा. त्यांचं मी नंतर बघते. आधी तुम्ही बाहेर चला."

अप्पा उठले नाहीत. त्यांनी मुलाच्या बोटांतली बिडी काढून घेतली, टाचेखाली चिरडली. मग सुनेकडे बघितलं. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचे डोळे असे भरले होते.

"मी एकटा बाहेर येऊन काय करू, माय?" ते म्हणाले. "तू ओली बाळंतीण होतीस. मंग लेकरू अंगावर पीत होतं, दूध आटंल म्हणून कुणी बोललं न्हाई. झटका मला आलाच नव्हता."