साहेबांना गोष्ट सांगा

"इथे जरा थांबायचं, मग पुढचं बोलायचं," असं मुख्य कार्यालयातल्या मॅडमनी मला शिकवलं होतं. टोलनाक्यावर आम्हा बायकांसाठी बाथरूम हवं म्हणून अर्ज देऊन देऊन आम्ही थकलो होतो. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "अर्ज कोण वाचतं, वळवीताई? साहेबांना गोष्ट सांगा."

आज मुख्य कार्यालयातल्या बैठकीत पुन्हा सांगितली. माझ्या शेजारच्या बूथमधली निर्मला ड्युटीवर पाण्याचा थेंब घ्यायची नाही, कारण घेतलं तर जायचं कुठे? पोटात कळा यायच्या तरी ती हसून पावत्या देत राहायची. एका दुपारी बूथमध्येच कोसळली. तिची एक किडनी गेली.

इथे मी थांबले. पहिल्यांदा सांगताना इथे आवाज आपोआप भरून आला होता. आता आणावा लागतो.

टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय बोलता हो तुम्ही! पुढच्या महिन्यात नागपूरच्या ऑफिसातही सांगा."

"सांगते, साहेब. पण बाथरूमचं काय?"

"बघू ना. आधी ही गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचू दे." मग त्यांनीच पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घ्या, घसा कोरडा पडला असेल."

घसा खरंच कोरडा पडला होता. पण इथून थेट ड्युटीवर जायचं होतं, रात्री दहापर्यंत.

मी ग्लास तसाच बाजूला ठेवला.