बारीक तो जिवंत

“आणखी खोल कापा,” ती म्हणाली.

पाथरवट थडग्यापाशी हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता. बाईचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याचं नाव खोल करायला तिने त्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं. गळ्याभोवती तोच काळा रुमाल, घट्ट बांधलेला.

“ताई, अंगठा बुडेल इतकं खोल केलंय मागच्या वेळी. आता काय आरपार काढू?”

ती हसली नाही. तो ओशाळला.

त्याचं अक्षर गावात नावाजलेलं. उभ्या रेघा अंगठ्याएवढ्या जाड, आडव्या आणि वळणाच्या केसासारख्या बारीक, टोकांना नाजूक चपट्या पट्ट्या. थाटाचं अक्षर, पण भारी नखरेल. मोठं नाव कोरावं, बस्स. कुणी त्यात चार ओळींचा मजकूर मागितला की तो सरळ नाही म्हणायचा. लहान आकारात बारीक रेघा धुळीने बुजतात आणि नुसते खांब उरतात.

जोडप्याच्या दगडासाठी त्याची एक पद्धत होती, बापाकडून आलेली. गेलेल्याचं नाव पुरतं कोरायचं. मागे राहिलेल्याच्या नावाच्या फक्त बारीक रेघा ओढून ठेवायच्या. जाड रेघा त्याची पाळी आल्यावर. बारीक तो जिवंत, जाड तो गेलेला. त्यामुळे या दगडावर लांबून नवऱ्याचंच नाव दिसायचं. बाईचं दिसायला जवळ जावं लागे.

पाथरवटाची बायको तर या बाईवरून त्याला येता-जाता टोमणे मारायची. “याला म्हणतात माया. मी गेले तर तुम्ही माझ्या दगडावरचं शेवाळही खरवडायचे नाहीत.”

“आधी जा तर खरी,” तो म्हणायचा.

आता त्याने गुडघे टेकले, नवऱ्याच्या नावावर फुंकर मारली आणि सवयीने जाड रेघेत अंगठा घालायला गेला. अंगठा जाईना. करंगळी घालून पाहिली. तीही जेमतेम शिरली. धूळ नव्हती, शेवाळ नव्हतं. दोन्ही कडा एकमेकींजवळ सरकल्या होत्या, जखम भरून येते तशा. दगड झिजतो हे त्याला ठाऊक होतं. दगड भरून येतो हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. भर उन्हात त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली.

“ताई, हे कधीपासून चाललंय?”

तिने एकदा मागे वळून फाटकाकडे पाहिलं. मग गळ्याचा रुमाल सोडला. खाली बोटांचे वळ होते, निळे, ताजे.

“हे हात मी लग्नापासून ओळखते,” ती म्हणाली. “कापा भाऊ, दिवस आहे तोवर कापा. त्याला घरची वाट पाठ आहे.”