ठाण्याचा हुकूम

"पंत, ठाण्याहून काही आलं का?"

कल्याणच्या मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून गोपीनाथपंत डेस्काला कुलूप लावत होते. किल्ली त्यांनी कंबरेला खोचली.

"हे दिवस विचारण्याचे नव्हेत, उमेदवार."

"मग विचारायचं तरी कधी?"

"कळेल."

त्र्यंबकाला तीन वर्षांत मिळालेलं हे सर्वांत लांब उत्तर होतं. एरवी 'पाहू' नाहीतर 'कळवू' यावर भागायचं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो नशीबवान असला पाहिजे.

उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. रोज कचेरीत बसायचं, दुसऱ्यांच्या नकला करायच्या, आणि एखादी जागा रिकामी होऊन ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून आपल्या नावाचा हुकूम येईल म्हणून वाट पाहायची. त्र्यंबकाचं अक्षर सुरेख, म्हणून सगळ्यांचं लिखाण त्याच्याच गळ्यात. नाव मात्र त्याचं कोणी घेत नसे. 'अहो उमेदवार' म्हटलं की झालं.

श्रावणात एक म्हातारा कारकून वारला आणि जागा रिकामी झाली. त्र्यंबकाचा अर्ज पंतांच्या हातून ठाण्याला गेला. त्यावर त्यांनी शिफारस लिहिली की नाही, तेही त्यांनी सांगितलं नाही.

आणि इकडे त्र्यंबकाच्या गळ्याशी आलेलं. त्याची बायको तुळसा वर्षभर माहेरी, खडवलीला होती. मुलगा तिकडेच झाला. त्याने तो एकदाच पाहिलेला. सासऱ्यांनी परवाच निरोप धाडला होता : दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर दोघांना आणून सोडतो, नाहीतर पुन्हा आमच्या दाराशी येऊ नका.

दुसऱ्या दिवशी घरी वडिलांचा पक्ष होता. आई, गोदूबाई, परसात पान ठेवून आभाळाकडे बघत उभी राहिली.

"आला बाई कावळा!" ती म्हणाली. "बघ, तुझा हुकूमही येईल."

"कावळा बरा गं आई. बोलावलं की येतो तरी."

पान आवरून तो कचेरीत गेला, तर पायरीवर मारुती पट्टेवाला पान लावत बसला होता. मारुतीला भांडण लावायची हौस नव्हती. विचारलं तेवढं सांगायचा.

"ठान्याचा लखोटा? तो आलाय की! चार दीस झाले. मीच पंतांच्या हातात दिला."

"मग?"

"मंग काय? वाचला, गालात हसले, नि डेस्कात ठेवला. वर मला म्हनतात, कुनाला बोलू नको."

त्र्यंबकाचं डोकं फिरलं. गालात हसले! पंतांचा भाचा गुरुदत्त नुकताच मॅट्रिक होऊन मामाकडे येऊन राहिला होता. तो कशाला आला असेल, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तीन वर्षं आपण यांच्या नकला करून बोटं झिजवायची आणि गादीवर भाच्याने बसायचं!

त्याने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या बाळबोधीत, कलेक्टरसाहेबांना निनावी अर्ज लिहिला. कल्याणचे अव्वल कारकून ठाण्याहून आलेले हुकूम दडपून ठेवतात, आपल्या नातलगांची सोय पाहतात, एकदा त्यांचं डेस्क उघडून पाहावं. लिहिताना त्याला फार बरं वाटलं. अर्ज त्याने स्वतः स्टेशनापर्यंत चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकला.

एकदाचं ठाणं जागं झालं. उमेदवाराला तीन वर्षं ताटकळत ठेवणाऱ्या कचेरीने निनावी अर्जाला आठ दिवसांत माणूस धाडला.

सर्वपित्री अमावास्येला सकाळच्या गाडीने साहेबांचे चिटणीस उतरले. त्यांनी पंतांकडून किल्ली घेतली आणि त्यांना भिंतीशी उभं केलं. साठीला आलेले पंत, पण पागोटं सावरायचंही त्यांना सुचेना. त्र्यंबकाला जरा वाईट वाटलं, पण जराच.

"यादी करायला कोणीतरी चांगल्या अक्षराचा द्या," चिटणीस म्हणाले.

सगळ्यांनी त्र्यंबकाकडे पाहिलं.

"बसा, उमेदवार. मी सांगतो तसं लिहा. एक, पंचांग. दोन, चष्म्याचं घर. तीन..." चिटणीस थांबले. त्यांच्या हातात ठाण्याचा लखोटा होता. "सापडला! अर्ज करणारा कोण असेल तो असो, माणूस खरा निघाला. लिहा. तीन, नेमणुकीचा हुकूम, बारा दिवस दडवून ठेवलेला."

त्र्यंबकाने आनंदाने लिहिलं.

"रुजू होण्याची मुदत दसऱ्यापर्यंत आहे," चिटणीस कागदावर नजर टाकत म्हणाले. "ती आता टळणार. हा कागद चौकशीचा पुरावा, ठाण्याला मोहरबंद जाईल. चौकशी म्हणजे सहा महिने. तोवर जागा दुसऱ्या कोणाला तरी देतील. या बिचाऱ्याचं मात्र वाटोळं केलंत, पंत. तुमच्याच शिफारशीने नेमलेला, आणि तुम्हीच त्याचा हुकूम दाबलात?"

पंत चिटणिसांकडे बघतच नव्हते. ते यादी करणाऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"त्र्यंबका," ते पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाले, "माझं चुकलं रे. पितृपक्षात शुभ कागद हाती देऊ नये, म्हणून ठेवला होता. उद्या घटस्थापना. सकाळी पेढे घेऊन तुझ्या घरीच येणार होतो."