फुग्याची दाढी

“वाढदिवस कुणाचा, वहिनी?” फुगेवाल्याने आजही विचारलं. काय सांगणार, कपाळ? अर्धांगवायूने ह्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून आमचं सलून बंद आहे. नवशिक्या कारागिरांना हे फेस लावून फुग्याची दाढी करायला लावायचे. फुगा टिकला की मगच गिऱ्हाईक. आता डाव्या हातात वस्तरा धरून स्वतःच नवशिके झालेत. सकाळपासून एकही फुगा टिकला नव्हता. शेवटचाही फुटला, तसा ह्यांनी वस्तरा भिरकावला. “दुकान विका. मी संपलो.” कोपऱ्यातले सासरे भिंत धरत उठले, वस्तरा उचलून ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. मान मागे टाकल्यावर गळ्यावरचा जुना व्रण दिसला. “पहिल्या वेळी कुठे फुगे होते? याच गळ्यावर शिकलास.” हे वस्तरा घेऊन मागे सरले. “बाबा, नको.” सासऱ्यांनी डोळे मिटले. “लाव फेस. सूनबाई, कापूस हाताशी ठेव.”